साडेसदतीस

३ नोव्हेंबर, संध्याकाळ

ही वही घेऊन आठ महिने झाले. घेतली तेव्हा बंदरावर कामाला होतो. रोज लिहायचं ठरवलं होतं. पहिल्या पानावर तारीख घातली, मग वाटलं हे पेन बरोबर नाही. बरोबर पेन मिळेपर्यंत नोकरी सुटली. पुढच्या गावी नव्या जोमाने लिहू म्हटलं, तर तिथे लिहिण्यासारखं काही घडेना, आणि जिथे घडत होतं तिथे लिहायला फुरसत मिळेना. आज ते तारखेचं पान फाडून टाकलं. आजपासून रोज, न चुकता.

कारणही तसंच आहे. मला काम मिळालंय. म्हणजे मी ते घेतलंय.

सध्या मुक्काम ताईकडे, मागची खोली. चार दिवसांसाठी आलो होतो, सहा आठवडे झाले. हे मी मोजलेलं नाही, दाजी मोजतात. दाजी म्हणजे ताईचा नवरा, शहरबसचा ड्रायव्हर. गाडीत उभ्या माणसाला पुढे सरकवायची सवय घरीही जात नाही.

ताईने खोक्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडून मागच्या शेडमध्ये हॅचरी टाकलीय. एक मशीन, कपाटाएवढं, काचेच्या दाराचं. आत अंडी, साडेसदतीस अंश ऊब, एकविसाव्या दिवशी पिल्लं. आज सकाळी तिची पहिली मोठी ऑर्डर आत गेली. फार्मवाल्या बाईंना तीनशे पिल्लं हवीत, सगळीच अंडी फुटत नाहीत म्हणून तीनशे साठ ठेवलीत. पंचवीस तारखेला त्या न्यायला येणार. जमलं तर दर महिन्याला घेणार. नाही जमलं तर ताई परत खोकी चिकटवणार. तिथल्या सुपरवायझरने तिची जागा सव्वीस तारखेपर्यंत धरून ठेवलीय, आणि तो माणूस म्हणे दर आठवड्याला फोन करून आठवण देतो.

दुपारी मशीनचा कंट्रोलर गेला. म्हणजे तो डबा, जो हीटर कधी चालू आणि कधी बंद ते ठरवतो. ताई बाजारातून नवा आणायला निघाली. चप्पल पायात घातली होती. मी आडवा आलो. म्हटलं, घरात इंजिनिअर असताना डबा विकत आणायचा? दाजींनी मागे वळून बघितलं, कोण आलाय म्हणून.

मी दोन कॉलेजं सोडली हे खरं. पण सोडण्याआधी दोन्हीकडे होतो.

४ नोव्हेंबर

ताईला सगळं समजावून सांगितलं. माझ्याकडे एक बोर्ड आहे, पत्त्याच्या कॅटएवढं हिरवं कार्ड. पूर्ण कॉम्प्युटर. त्याला एक सेन्सर जोडायचा, त्यावर माझा प्रोग्रॅम चालवायचा, हीटर आपोआप सांभाळला जाणार. आता बोर्डाचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा आणि लॅपटॉपचा वेगळ्या. बोर्ड इतकासा की त्याच्यावर बसून प्रोग्रॅम बनवणं म्हणजे काडेपेटीत लग्नाचा स्वयंपाक. म्हणून प्रोग्रॅम लॅपटॉपवर बनवायचा, पण बोर्डाला कळेल असा. याला क्रॉस-कंपाइल म्हणतात. बनवणारी हत्यारं, म्हणजे कंपायलर वगैरे, सगळी इंटरनेटवर फुकट. फुकट नाही, मुक्त. फरक आहे. तो समजावण्यात पाऊण तास गेला.

दाजी जेवता जेवता म्हणाले, म्हणजे आमटी आपल्या घरी शिजवायची आणि मीठ शेजाऱ्याच्या जिभेने बघायचं. उपमा बाळबोध आहे पण चूक सापडली नाही.

मुदत: तीन दिवस. ताईला लिहून दिली. तिने ती अंड्यांच्या तक्त्याशेजारी टाचणीने लावली. तोवर ती हाताने सांभाळणार. हीटरचं बटण, काचेचा थर्मामीटर आणि दर दोन तासांचा गजर. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.

५ नोव्हेंबर

आज प्रकल्पाला नाव दिलं. 'ऊब'. दुपारनंतर चिन्ह काढलं: अंडं, आणि त्यातून निघणारी वायर. वायर शेपटीसारखी दिसते. उद्या सुधारीन.

कंपायलर तयार मिळतो, दहा मिनिटांत उतरवून घेता येतो असं कळलं. नको. तयार आयतं घ्यायचं तर बाजारातला डबा काय वाईट होता? मी कंपायलरसुद्धा मुळापासून बनवणार. म्हणजे जे हत्यार हत्यार बनवतं, ते बनवणारं हत्यार. ताईला हे सांगितलं तेव्हा ती अंडी फिरवत होती. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून तीनदा सगळ्या फुल्या खाली, सगळे गोल वर, मग उलट. तीनशे साठ. ती नुसतं हं म्हणाली. विषय तिच्या डोक्यावरून गेला असावा.

७ नोव्हेंबर

काल लिहिलं नाही. लॅपटॉप कंपायलर बनवण्यात गुंतला होता, आणि लॅपटॉप गुंतला की मी मोकळा. गावात फिरून आलो. एका ठिकाणी जुन्या कुलपांचं दुकान सापडलं. म्हाताऱ्याने तीन कुलपं किल्लीशिवाय उघडून दाखवली. शिकायला हवं. कुलूप उघडायचा एक बारीक पत्राही घेतला सरावाला.

आज सकाळी बघतो तर काम चौऱ्याण्णव टक्क्यांवर अडकलं. डिस्क भरली. बंदरावरचे फोटो काढून टाकायला बसलो, ते बघण्यात दुपार झाली. चांगले दिवस होते. एकही पुसवेना.

मुदत आज संपली. पण मुदत ही कामाची असते, पायाभरणीची नसते.

८ नोव्हेंबर

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा एक मंच आहे, लोक एकमेकांना मदत करतात. तिथे माझी अडचण मांडली, पार्श्वभूमीसकट, अकरा परिच्छेद. 'जुना नट' नावाच्या कोणीतरी एका ओळीत उत्तर दिलं: तयार मिळतो तो का नाही घेत?

अशा लोकांमुळेच नवी माणसं या क्षेत्रात येत नाहीत.

तयार घेतला. नऊ मिनिटं लागली.

९ नोव्हेंबर

ताई तापमान कसं बघते हे आज पाहिलं आणि हसू आवरेना. थर्मामीटर आहे तरी मधूनच एक अंडं उचलते, डोळा मिटते आणि अंडं पापणीला लावते. हॅचरीत पूर्वी काम केलेल्या एका बाईने शिकवलं म्हणे, पापणीला जे कळतं ते बोटांना कळत नाही. मी म्हटलं, ताई, आपण कुठल्या शतकात आहोत? ती म्हणाली, शतक माहीत नाही, पण वरचा ट्रे अर्धा अंश गार आहे. थर्मामीटर वर नेऊन बघितला. योगायोग होता.

तिच्या डोळ्याखाली काळं आलंय. गजर आता तिला न वाजताही ऐकू येतो. ऊब चालू झाली की झोपेल बिचारी.

१० नोव्हेंबर, दुपारी १२.१०

चालला!!!

प्रोग्रॅम बनला, चालला, स्क्रीनवर आकडे धावायला लागले. हीटर चालू, हीटर बंद, हीटर चालू. हीटर अजून जोडलेला नाही, पण निर्णय अचूक येत होते. ताईला शेडमधून ओढत आणलं. तिचे हात ओले होते, तशीच दारात उभी राहून बघत राहिली. एकदम लहान दिसली. म्हणाली, म्हणजे आज रात्री गजर नको लावू ना? मी म्हटलं, उद्यापासून नको.

दाजी सोफ्यावर पेपर वाचत होते. त्यांनीही मान वर केली.

१० नोव्हेंबर, दुपारी १.००

दाजी उठले. त्यांच्या खाली बोर्ड होतं.

म्हणजे सकाळपासून ते सोफ्यावरच पडलेलं होतं, कशालाही न जोडलेलं, आणि दाजी त्याच्यावर बसले होते. ते म्हणाले, काहीतरी टोचत होतं, पण तुम्ही एवढ्या आनंदात होता की म्हटलं मध्ये कशाला बोला.

म्हणजे प्रोग्रॅम लॅपटॉपसाठीच बनला होता, आणि लॅपटॉपवरच चालला. तत्त्वतः हे यशच आहे. प्रोग्रॅम चालतो हे सिद्ध झालं. कुठे चालतो हा पुढचा टप्पा.

ताईने गजर लावला.

१२ नोव्हेंबर

बोर्ड जोडलं. प्रोग्रॅम त्याच्यात टाकला. ते म्हणतं, ही फाइल मला चालवता येत नाही. एवढंच. का, कसं, काही नाही. दाजींसारखंच.

दिवसभर झगडलो. संध्याकाळी नाइलाजाने मंचावर विचारलं. या वेळी चारच परिच्छेद. 'जुना नट'ने पुन्हा एक ओळ: तुम्ही बोर्डाचा कंपायलर उतरवलात, पण काम लॅपटॉपच्याच कंपायलरला सांगताय, हाक मारताना पूर्ण नावाने मारा.

तिकडेच येत होतो मी.

१४ नोव्हेंबर

बोर्डावरचा दिवा पेटला! माझ्या हुकमाने! लॅपटॉपवर बनलेला, बोर्डाच्या जातीचा प्रोग्रॅम, बोर्डावर चालला. या वेळी आधी सोफा तपासला.

खरं तर आज सेन्सर जोडायचा होता. पण दिवा नुसता चालू-बंद होणं रुक्ष वाटलं. आधी हृदयाच्या ठोक्यासारखा केला. मग आगगाडीसारखा. ताई चार वाजता अंडी फिरवायला सांगून बाजारात गेली होती. पिल्लांच्या खाद्याचं बघायला. परत आली तेव्हा सगळ्या फुल्या अजून वरच. मी तिला आगगाडी दाखवली. तिने स्वयंपाकघरात पिशवी ठेवली आणि शेडमध्ये गेली.

संकल्प: उद्यापासून सकाळी सहाला उठणे. आधी सेन्सर, मग बाकी.

१६ नोव्हेंबर

कालचा दिवस कुलपात गेला. पत्र्याने कपाटाचं कुलूप उघडायला बसलो, पत्रा आत तुटला. दाजींची युनिफॉर्मची टोपी कपाटात. त्यांना आज बिनटोपीचं जावं लागलं, डेपोत बोलणी बसली. संध्याकाळी त्यांनी मला शांतपणे विचारलं, तुम्हाला एखादी गोष्ट पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद अशी ठेवता येते का? मी म्हटलं, दाजी, संगणकाचं सगळं शास्त्रच त्यावर उभं आहे. त्यांनी टीव्ही लावला.

ताईने आज एका अंड्याखाली टॉर्च धरून दाखवलं. आत लाल जाळं, आणि मध्ये काळा ठिपका हलत होता. मी म्हटलं, ताई, हा बघ, जिवंत आहे. ती म्हणाली, मला माहितीये, म्हणून तर मी झोपत नाही.

उद्या सेन्सर. शप्पथ.

१८ नोव्हेंबर

सेन्सर जोडला. आता प्रोग्रॅम नीट तपासून घ्यायचा तर लॅपटॉपवर तपासणं सोपं. पण लॅपटॉपला सेन्सर नाही, म्हणून प्रोग्रॅम दरवेळी सेन्सर सापडत नाही म्हणून बंद पडायचा. तेव्हा एक तात्पुरती ओळ घातली: सेन्सर सापडला नाही तर तापमान साडेसदतीस धरावं. बस, लगेच सगळं सुरळीत. लहानशा युक्त्यांनीच मोठी कामं होतात.

संध्याकाळी पूर्ण प्रोग्रॅम क्रॉस-कंपाइल करून बोर्डात घातला. पूर्ण नावाने हाक मारून. एका दमात.

उद्या सकाळी बसवणार. तीन दिवसांचं काम पंधरा दिवसांत. वाईट नाही, पायाभरणी धरली तर.

१९ नोव्हेंबर, सकाळी १०.००

बसवलं. बोर्ड मशीनच्या वर, वायर आत, हीटर जोडला. स्क्रीनवर साडेसदतीस. पाच मिनिटं बघितलं, साडेसदतीस. दहा मिनिटं, साडेसदतीस. काटा हलत नाही! बाजारातले डबेसुद्धा अर्धा अंश इकडेतिकडे करतात. ताईने थर्मामीटर लावून ठेवू का विचारलं. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास आहे की नाही? आधीच्या उबेने काचेतलाही साडेसदतीसच दाखवत होता. तो काढून घेतला.

ती आत जाऊन पडली. सोळा दिवसांनी पहिल्यांदा. पाय पलंगाबाहेर, पदर तसाच. मिनिटभरात घोरायला लागली. मी पांघरूण घातलं. एवढं समाधान मला आजवर कुठल्याही नोकरीत मिळालं नव्हतं.

जरा पाय मोकळे करून येतो.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळ

पुलाशी क्रेन आली होती. जुना बॉयलर उचलत होते. पट्टा चुकीच्या जागी बांधला होता हे माझ्या लगेच लक्षात आलं, तिथल्या माणसांना सांगत राहिलो. वेळेचं भान राहिलं नाही.

चारला आलो तेव्हा ताई शेडमध्ये स्टुलावर बसलेली. मशीनचं दार उघडं. हातात अंडं, पापणीला लावलेलं, डोळा मिटलेला. दुसरा डोळा माझ्याकडे. मी म्हटलं, अगं बघ ना स्क्रीन, साडेसदतीस आहे. ती म्हणाली, हात लाव.

हात लावला. नदीतल्या गोट्यासारखं गार.

सेन्सरची वायर बसवताना सैल झाली होती. बोर्डाला सेन्सर सापडला नाही. मग त्याने काय करावं हे मीच सांगून ठेवलं होतं: साडेसदतीस धरावं. आणि साडेसदतीस असताना हीटर लावायचं कारणच नाही. सहा तास तो प्रोग्रॅम रिकाम्या हाताने शपथेवर सांगत होता की सगळं उबदार आहे.

तांत्रिकदृष्ट्या प्रोग्रॅम कुठेही चुकलेला नाही. त्याला जे सांगितलं ते त्याने अक्षरशः केलं.

हे मी ताईला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. तिने हीटरचं बटण हाताने लावलं, ट्रेमागून ट्रे हात फिरवत गेली, तीनशे साठही. मग एवढंच विचारलं की मी झोपले तेव्हा तू इथेच होतास ना?

२० नोव्हेंबर

दाजी ड्युटीवरून येताना बाजारातला डबा घेऊन आले. स्क्रूड्रायव्हर मागितला, तोही माझ्याकडे, हा मुद्दाम केलेला अपमान. दहा मिनिटांत बसवला. स्क्रीनवर तापमान अर्धा अंश इकडे, अर्धा अंश तिकडे. खरं तापमान असंच हलतं म्हणे.

जाताना बोर्ड माझ्या हातात देऊन म्हणाले, हे घ्या, सोफ्यावर नका ठेवू.

मंचावर लिहिलं की अपयश हीच यशाची वगैरे. 'जुना नट'ने फक्त विचारलं: अंडी कशी आहेत? या माणसाला तंत्रज्ञानात रसच नाही.

२१ नोव्हेंबर

ताईने टॉर्च लावून बघितलं. काहींत काहीतरी हललं असं वाटतं, काहींत नाही. या दिवसांत आत सगळं काळंच दिसतं, नक्की सांगता येत नाही. मी म्हटलं, अंदाजे किती टक्के? तिने टॉर्च विझवला.

आता शेवटचे तीन दिवस दार उघडायचं नाही, अंडी फिरवायची नाहीत. ताटलीत पाणी घालून दमटपणा वाढवायचा आणि नुसती वाट बघायची.

तात्पुरती ओळ आज प्रोग्रॅममधून काढून टाकली. आता निर्दोष आहे.

२४ नोव्हेंबर

एकविसावा दिवस.

ताई पहाटेपासून शेडमध्ये. मी दोनदा चहा नेला, दोन्ही गार झाले. काचेला वाफ, आत काही दिसत नाही, आवाज नाही. दाजींनी सुट्टी घेतली होती, घेऊन काय करायचं हे त्यांनाही कळत नव्हतं. शेडचं दार तेलपाणी करून तीनदा बसवलं.

रात्री जेवताना मी वातावरण हलकं करायला म्हटलं की काही जातींना बावीस दिवसही लागतात. दाजी म्हणाले, काही जातींना पंचवीस वर्षंही लागतात.

२५ नोव्हेंबर

फार्मवाल्या बाई आल्या. टेम्पोत पिल्लांची खोकी रचलेली. ती खोकी ताईच्याच कारखान्यातली होती, बाजूला शिक्का. ताई बघत राहिली.

बाई सज्जन आहेत. म्हणाल्या, होतं असं, मी सत्तावीसपर्यंत थांबते हवं तर, नंतर मात्र दुसरीकडे सांगावं लागेल. ताई म्हणाली, नका थांबू, आशेवर अंडी उबत नाहीत. बाईंनी काय झालं विचारलं. मी पुढे होऊन सांगणार होतो, मनात सगळं जुळवलंही होतं. पण सेन्सरपासून सुरुवात करावी की प्रोसेसरच्या जातींपासून, हे ठरेपर्यंत ताई म्हणाली, माझीच चूक झाली, मी झोपले.

टेम्पो रिकामा गेला. ताईने अंगणातूनच सुपरवायझरला फोन लावला. उद्या सकाळी अकराला ये, सही करून टाक, म्हणाला. आवाज मला लांबून ऐकू आला. खूश होता.

मी खोलीत येऊन बॅग काढली. उत्तरेकडे एका ठिकाणी दीपगृहात माणूस हवाय असं ऐकलंय.

२६ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

ताई गेली, दाजींच्याच बसने. कारखाना त्यांच्या रूटच्या शेवटच्या स्टॉपला आहे. जुना युनिफॉर्म घातला होता. खांद्यात सैल झालाय.

निघताना म्हणाली, एक काम कर. एकच. मशीन बंद कर, मागे खड्डा खण आणि अंडी पुरून टाक. मी आल्यावर मला ती दिसायला नकोत. एवढं तरी जमेल ना?

जमेल म्हणजे काय. नऊच्या ठोक्याला करतो.

सकाळी ९.२०

कुदळीचा दांडा हलतोय. आधी त्याला पाचर ठोकायला हवी. पाचर शोधताना बंदरावरचं ओळखपत्र सापडलं. फोटोत केस बरे होते.

सकाळी ९.४५

पाचर बसली. बटणाशी गेलो होतो. हात लावला आणि लक्षात आलं की मशीनमधून बारीक आवाज येतोय. चीं, चीं. पंख्याचं बेअरिंग. कोरडं पडलंय. आता मशीन विकायचंच तर चालू स्थितीत दोष समजून घेतलेला बरा, बंद केल्यावर आवाज कसा कळणार? थोडा वेळ चालू ठेवून निदान करतो. दाजींचं दाराचं तेल शोधतो.

सकाळी १०.१०

तेल घातलं. आवाज वाढला.

मंचावर विचारलं: कोरड्या बेअरिंगमध्ये तेल घातल्यावर चीं चीं दुप्पट का होते? पार्श्वभूमी दिली. एकविसावा दिवस, सहा तास गार, आज तेविसावा, वगैरे.

सकाळी १०.२५

खड्डा अर्धा झाला. एक मूळ आडवं आलं, ते कुठल्या झाडाचं ते बघत गेलो. शेजारच्या झाडाचं आहे. आता मात्र मशीन बंद करतोच. हात धुतो, बंद करतो. बाकी सगळं गेलं तरी ताईने सांगितलेलं एक काम मी वेळेत

सकाळी १०.४०

'जुना नट'चं उत्तर आलं होतं. नेहमीसारखी एक ओळ: गार पडलेली अंडी दोन दिवस उशिरा फुटतात, बेअरिंग सोडा आणि दार उघडून बघा.

काचेवरची वाफ बाहीने पुसली. जात नव्हती, वाफ आतून होती. दार बोटभर उघडलं.

वरून तिसरा ट्रे. कितीतरी अंड्यांना भोकं पडलीत. टाचणीच्या डोक्याएवढी, आणि प्रत्येक भोकात काहीतरी हलतंय. आणि मधोमध, फुली काढलेल्या अर्ध्या टरफलात एक पाय अडकवून, ओलं, काळंपिवळं, वासरासारखं थरथरतंय आणि माझ्याकडे बघून ओरडतंय. कोणीतरी आलंय.

दार लावून घेतलं. ताईला फोन केला. तिचा फोन स्वयंपाकघरात वाजला, चार्जिंगला. दाजींना लावला. ते दुसऱ्या फेरीला शेवटच्या स्टॉपला पोचून चहा पीत होते. मी सांगितलं. मग म्हणाले, स्क्रीनवर आलंय, का खरंच आलंय?

मी काही समजावलं नाही. फोन दाराच्या फटीत धरला.

बराच वेळ ते ऐकत होते. मग कप आपटल्याचा आवाज आला, मग बूट. पळत होते. कारखान्याच्या फाटकावर कोणाशी तरी वाद घालत होते, बाईला बोलवा म्हणून. धापा टाकत मला एवढंच म्हणाले की तुम्ही कशाला हात लावू नका, काही सुधारू नका, आहात तिथे नुसते बसा.

सकाळी १०.५२

नुसता बसलोय.

दुसरं आलं.